शहरातल्या मुलांना पर्यावरण शिकवायचं, तर हाताला काय शिकवायचं?

ओढ्याकाठची
रविवार, रात्री ९:४०

पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत आमची एक छोटी अभ्यासिका आहे. रविवारी सकाळी तिथे सतरा ते बावीस वयाची मुलंमुली जमतात. काही बारावीनंतर डिलिव्हरीच्या कामाला लागलीत, काही कॉमर्सला आहेत, दोघी आयटीआयला जातात. या गटाबरोबर पर्यावरणाचं काही ठोस काम करावं असं बरेच दिवस मनात आहे. इथे माहीतगार मंडळी आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

आधी पार्श्वभूमी सांगते. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितला. पुढे तो पदवीलाही आला. म्हणजे आमच्या गटातल्या प्रत्येकाने हा विषय शिकलेला आहे, त्यात पास झालेला आहे आणि त्याचा प्रकल्पही 'सबमिट' केलेला आहे. प्रकल्प बहुतेकांनी स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या चित्रांवर उरकला. काय लक्षात राहिलं असं विचारलं तर ओझोनचा थर आणि ध्रुवीय अस्वल. घरामागून वाहणारा आंबील ओढा कुठल्याच धड्यात आला नाही.

या मुलांना खरं तर ओढा पाठ आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाणी कुठवर चढलं होतं ते ती भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. कुणाच्या घरातली शिलाई मशीन वाहून गेली, कुणाची दहावीची पुस्तकं गेली. पण हा ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला त्याच्यावर तलाव बांधून शहरात पाणी आणलं, पेशवाईतच त्याचा खालचा प्रवाह वळवला गेला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आम्ही कात्रजपासून खाली जमेल तितका ओढा पायी पाहिला. पात्र कुठे रुंद आहे, कुठे सीमाभिंतीने चिमटलंय, कुठे पुलाखाली राडारोडा टाकलाय, हे मुलांनी वहीत उतरवलं. फार मनापासून केलं त्यांनी हे काम.

परत येताना एका मुलाने विचारलं, "ताई, समजलं सगळं. पण यात आम्हाला काम काय मिळेल?"

प्रश्न रास्त आहे आणि मला त्याचं नीट उत्तर द्यायचंय. जाणीव-जागृती, घोषणा, पोस्टर स्पर्धा, ५ जूनला रोप लावून फोटो, हे सगळं या मुलांच्या आयुष्यात भरपूर होऊन गेलंय. मला त्यांच्या हातात काम द्यायचंय. पाऊस मोजता येणं, खत करता येणं, सोलर बसवता येणं, झाड वाचवता येणं असं काहीतरी. यातलं काय शिकवण्यासारखं आहे, कुठे शिकता येईल आणि त्याचे पैसे कोण देईल? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

___

पार्लेकर
रविवार, रात्री १०:१५

स्तुत्य उपक्रम. मुलांना एकदा मुंबईला आणून धारावीलगतचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान दाखवा. मिठी नदीच्या काठी सुमारे ३७ एकरांची ही जागा एके काळी कचरा टाकण्याची होती. १९८३ साली डॉ. सालिम अलींच्या हस्ते तिथे वृक्षारोपण सुरू झालं आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. कचऱ्याच्या ढिगावर जंगल उभं राहतं हे डोळ्यांनी पाहिलं की मुलं वेगळा विचार करायला लागतात.

___

वायरमनदादा
रविवार, रात्री ११:०२

ताई, मी साताऱ्याचा. आयटीआय वायरमन झालो आणि आता पुण्यात सोलर बसवण्याची कामं घेतो. तुमच्या त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे असं वाटतं, म्हणून जरा लांबण लावतो.

काम आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. एक कोटी घरांचं उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं मिळून जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान घरमालकाला मिळतं. तेव्हापासून छतावर चढणारा माणूस कमी पडतोय. माणसं येतात, पण ती पॅनेल उचलून देणारी. नीट जोडणारा शंभरात एखादा.

आता नीट म्हणजे काय ते सांगतो. एका पॅनेलला साधारण ४०-५० व्होल्ट असतात. दहा पॅनेल ओळीने जोडली की चारशेच्या वर डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं) व्होल्टेज. घरातल्या वायरिंगला मेन स्विच पाडता येतो, पण पॅनेलवर ऊन आहे तोवर ते वीज तयार करतच राहतं. चालू लोडवर डीसीचा कनेक्टर ओढला की जाळ धरतो आणि तो घरातल्या एसी विजेसारखा लगेच विझत नाही. म्हणून आधी इन्व्हर्टर (डीसीची एसी वीज करणारं यंत्र) बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच) बंद, मल्टिमीटरने खात्री, आणि मग हात. हा क्रम मी नवीन पोरांकडून तोंडपाठ करून घेतो. त्यानंतर क्रिंपिंग, म्हणजे वायरच्या टोकाला पिन चेपून बसवणं. कनेक्टरची पिन पकडीने चेपायची नाही, त्याचं वेगळं टूल येतं. पकडीने चेपलेली पिन पहिलं वर्ष काढते, मग गरम व्हायला लागते, मग वितळते. गिऱ्हाइकाला वाटतं पॅनेल वाईट.

हिशोबही यायला हवा. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. एवढ्यावर वीजबिल बघून किती किलोवॅट लागतील ते मुलगा जागेवर सांगू शकतो. असं सांगणाऱ्याला मजूर म्हणून कुणी वागवत नाही.

शिकायचं असेल तर केंद्राच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा 'सूर्यमित्र' अभ्यासक्रम बघा. ६०० तासांचा, साधारण तीन महिन्यांचा. इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर अशा ट्रेडच्या आयटीआयवाल्यांना घेतात. तुमच्या त्या दोन मुलींचा ट्रेड कुठला?

___

ओढ्याकाठची
रविवार, रात्री ११:२०

@वायरमनदादा, खूप आभार. एक इलेक्ट्रिशियन, दुसरी ड्रेसमेकिंग. पहिलीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे. घरचे 'मुलगी छतावर कशी चढणार' म्हणतात.

___

वायरमनदादा
रविवार, रात्री ११:३१

माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे. हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) लावून चढते, पोरांना हार्नेस लावायला लावते. घरच्यांशी बोलायचं असेल तर मी आणि ती दोघं येऊ.

___

निळी_पहाट
सोमवार, सकाळी ८:०५

धागा चांगला आहे, हेतूही चांगला आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट लिहिते, राग मानू नये.

'ग्रीन स्किल', म्हणजे पर्यावरणाच्या कामाचं कौशल्य, म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. कोथरूड-बाणेरच्या सुखवस्तू मुलांसाठी पर्यावरण म्हणजे पक्षीनिरीक्षण, टेकडीवरचा नेचर ट्रेल, परदेशातली मास्टर्स आणि मग सल्लागाराची नोकरी. वस्तीतल्या मुलांसाठी मात्र पर्यावरण म्हणजे कचरा. एकाच विषयाचे दोन वर्ग, आणि कोण कुठल्या वर्गात बसणार हे जन्मावरून ठरलेलं. माझे आजोबा पालिकेत झाडूवाले होते. वडिलांनी रात्रशाळेत शिकून कारकुनी मिळवली ती मुलांच्या हातात झाडू येऊ नये म्हणून. आता तोच झाडू हिरवा रंग देऊन परत आमच्या मुलांच्या हातात द्यायचा असेल, तर नको.

हाताने मैला साफ करायला लावण्यावर १९९३ पासून कायद्याने बंदी आहे, २०१३ साली ती आणखी कडक झाली, तरी गटारात माणसं मरतातच. तेव्हा 'कुठलंच काम हलकं नसतं' हे वाक्य कृपया कुणी इथे लिहू नये. काम हलकं ठरतं ते मजुरी, सुरक्षा आणि अधिकार यांवरून. खताचा खड्डा तुमच्या गटातला मुलगा ढवळणार असेल, तर त्याच सोसायटीतल्या मुलानेही तो ढवळला पाहिजे. आणि सोलरचा हिशोब जसा वायरमनदादा शिकवतात तसा प्रत्येक कामाचा हिशोब, मोजमाप, कागदपत्रं हे सगळं तुमच्या मुलांना आलं पाहिजे. नुसतं अंगमेहनतीचं शिकवाल तर ती मुलं आयुष्यभर दुसऱ्याच्या प्रकल्पावरची माणसं राहतील.

___

आईची_लेक
सोमवार, सकाळी १०:४८

निळी_पहाट यांच्याशी बरीच सहमत आहे, पण माझा अनुभव थोडा पुढचा आहे.

माझी आई स्वच्छ संस्थेची सभासद. त्याआधी ती खांद्यावर पोतं घेऊन कचराकुंड्यांतून माल वेचायची. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्यासारखी माणसं पाठीशी उभी राहिली, कचरावेचकांना ओळखपत्रं मिळाली. २००८ पासून स्वच्छ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था पुणे महापालिकेसाठी दारोदार कचरा गोळा करते. आज तिच्यात तीन हजारांहून जास्त सभासद आहेत. आईचं काम बदललं ते संघटनेमुळे. कचरा तोच होता.

पण एक सांगते, आईला जे येतं ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. प्लास्टिकचा तुकडा नुसता चुरगाळून, आवाज ऐकून ती कुठल्या ढिगात जाणार ते सांगते. मी केमिस्ट्री घेतली तेव्हा तिची पद्धत तपासून पाहिली. टाकाऊ तुकडे पाण्यात टाकले की पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पाण्याच्या बाटलीचं पेट आणि पाइपचं पीव्हीसी बुडतं. आईचे ढीग बरोबर होते. दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली असेल तर तिला भाव येतो. चिप्सच्या पुडीला नाही, कारण तिच्यात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकत्र चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका असं ती प्रत्येक घरी सांगते, कारण तो एवढासा त्रिकोण कुणाच्याच हाती लागत नाही, थेट नाल्यात जातो. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, हेही सांगते, म्हणजे तिला उघडून बघावं लागत नाही.

ताई, तुमच्या गटाला वर्गीकरण शिकवायचं असेल तर अशा बायकांना बोलवा. पाहुण्या म्हणून बोलवून हार घालू नका. शिक्षक म्हणून बोलवा, खुर्ची द्या आणि तासाचे पैसे द्या.

___

मांडवीकाठ
सोमवार, दुपारी १:१०

गोंयांतल्यान देव बरें करूं (गोव्यातून धन्यवाद)! पणजीत कोरडा कचरा सोळा प्रकारांत वेगळा केला जातो. सुरुवातीला लोक वैतागतात, मग सवय होते. साळगावचा प्रक्रिया प्रकल्प २०१६ पासून चालू आहे, तिथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज करतात. यंत्रं चालवणारी, दुरुस्त करणारी माणसं तिथेही लागतात. तेव्हा कचरा म्हणजे फक्त झाडू असं राहिलेलं नाही.

___

बागवान
सोमवार, संध्याकाळी ७:३३

झाडांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. नोकरीत असताना उद्यान खात्याशी संबंध आला, आता निवृत्त आहे.

शहराला रोपं लावणारे हात पुरेसे आहेत. जगवणारे नाहीत. पुण्याच्या टेकड्यांवर वर्षानुवर्षं गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही परदेशी झाडं लावून हिरवंगार दिसेल असं केलं गेलं. मूळचा गवताळ माळ, त्यातली पावसाळी फुलं, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, या सगळ्यांची जागा गेली. कुठे झाड लावू नये हे कळणं हेही कौशल्यच आहे, आणि ते पोरांना शिकवायला हवं.

दुसरं, रस्त्यावरची झाडं. फूटपाथ करताना बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततात. मुळांना हवा-पाणी मिळत नाही, मुळं वरवर राहतात आणि वादळात उभं झाड आडवं होतं. मग लोक झाडालाच दोष देतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीत झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं होतं. ते मोकळं करायचं काम नाजूक असतं. ब्रेकर लावला की मुळं जातात. छिन्नी-हातोडीने बाहेरून आत येत काँक्रीट तुकड्यातुकड्याने काढायचं, शेवटची वीत हाताने. उघडी पडलेली मुळं उन्हात ठेवायची नाहीत, लगेच माती आणि पालापाचोळा.

छाटणीही तशीच. फांदी बुंध्याला जिथे जुळते तिथे थोडा फुगवटा असतो, त्याच्या बाहेर कापायचं. आधी थोडं लांबवर खालून एक तृतीयांश, मग आणखी पुढे सरकून वरून, आणि उरलेला खुंट शेवटी त्या फुगवट्याबाहेर. नाहीतर फांदी पडताना सालीची पट्टी बुंध्यावरून सोलत खाली नेते आणि त्या जखमेतून झाड पोकळ व्हायला लागतं. पावसाळ्यापूर्वी सगळ्या शहरात छाटणी चालते, बघा किती ठिकाणी असं होतं. पालिकेच्या परवानगीशिवाय फांदीला हात लावता येत नाही, तेव्हा तो अर्ज कसा करायचा, झाडाचा घेर छातीच्या उंचीला कसा मोजायचा, हेही मुलांनी शिकावं. निळी_पहाट यांनी कागदपत्रांचा मुद्दा काढला तो मला पूर्ण पटला.

___

श्टुटगार्टवासी
सोमवार, रात्री ११:५०

इथे जर्मनीत इलेक्ट्रिशियन व्हायला साडेतीन वर्षं लागतात. आठवड्यातले काही दिवस कारखान्यात किंवा कंत्राटदाराकडे काम, काही दिवस शाळा, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. म्हणून घरची परिस्थिती बेताची असलेली मुलंही शिक्षण पुरं करतात. आपल्याकडेही शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे, विद्यावेतन द्यावंच लागतं. सोलर कंत्राटदार, सोसायट्यांची देखभाल करणाऱ्या कंपन्या यांना त्यात आणता आलं तर 'पैसे कोण देईल' याचं थोडं उत्तर मिळेल. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. त्यात इलेक्ट्रिशियनही येतात, पण जर्मन भाषा पक्की हवी, तेव्हा मुलांना त्याचं स्वप्न दाखवताना जपून.

___

फिरस्ता_नाशिक
मंगळवार, सकाळी ९:१५

थोडा विरोधी सूर. सरकारने २०१७ साली ग्रीन स्किल डेव्हलपमेंट प्रोग्रॅम आणला, साडेपाच लाखांवर तरुणांना तयार करायचं म्हणून. माझ्या भाच्याने तशाच एका संस्थेत जैवविविधतेचा कोर्स केला, मन लावून केला. फुलपाखरं ओळखतो, झाडांची शास्त्रीय नावं सांगतो. आज तो मोबाइलच्या दुकानात आहे. प्रमाणपत्र देणारे खूप, कामावर घेणारा कुणी नाही. तेव्हा आधी गिऱ्हाईक शोधा, मग कोर्स.

___

ओढ्याकाठची
मंगळवार, दुपारी ३:२२

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हेच डोक्यात आहे.

@फिरस्ता_नाशिक, तुमच्या भाच्याबद्दल वाचून वाईट वाटलं. मुद्दा मान्य. कामावर घेणारा समोर असेल तेच आधी शिकवायचं.

@निळी_पहाट, राग कसला मानायचा? तुमचा प्रतिसाद काल गटात मोठ्याने वाचला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, "ताई, आपण मोजणारे होऊ." मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ओढ्याला पूर येतो तेव्हा बाहेरून माणसं येऊन आमचे पंचनामे करतात. आकडे त्यांच्याकडे, आमच्याकडे आठवणी. म्हणून सुरुवात पर्जन्यमापकापासून करतोय. सरळ कडांची बाटली, वर तेवढ्याच व्यासाचं नरसाळं, पट्टी, रोज सकाळी साडेआठला नोंद, हवामान खात्याची वेळ तीच आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, हे कळल्यावर मुलांनी अभ्यासिकेसमोरच्या शाळेच्या गच्चीचा हिशोब मांडला. १०० चौरस मीटर गच्ची, पुण्याचा वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, म्हणजे ७०,००० लिटर. वीस टक्के वाया गेलं धरलं तरी ५६,०००. पाण्याच्या टँकरमध्ये ते किती होतात हे त्यांनीच काढलं आणि मग गच्चीचे पाइप कुठे जातात ते बघायला धावले.

कात्रजला, सहकारनगरला आणि आमच्याकडे अशा तीन ठिकाणी मोजमाप चालू झालं तर वर किती पडल्यावर खाली किती वेळात पाणी येतं याची वही तयार होईल. ती वही वस्तीच्या नावाची असेल.

यातून लगेच पगार मिळणार नाही हे मला दिसतंय. त्यासाठी सोलर आणि खत. आईची_लेक, तुमच्या आईंना विचाराल का? तासाचे पैसे ठरवून देऊ.

___

आईची_लेक
मंगळवार, रात्री ८:४०

विचारलं. रविवारी काम संपवून साडेअकरानंतर येते म्हणाली. घरातला तीन दिवसांचा सुका कचरा न धुता आणायला सांगितलंय सगळ्यांना. धुतलेला आणला तर काय शिकणार, म्हणाली.

___

कोथरूडकर_काका
मंगळवार, रात्री १०:०८

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. धागा पहिल्यापासून वाचतोय. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरवरच्या सोसायट्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. आमचे खड्डे आहेत, पण वास येतो, अळ्या होतात, रहिवासी भांडतात. कंत्राटदार महिन्याला पैसे घेऊन कल्चर (कचरा कुजवणारे जिवाणू) टाकून जातो. तुमच्या मुलांना हे जमेल का? जमत असेल तर काम द्यायला तयार आहे.

___

बागवान
मंगळवार, रात्री १०:४१

काका, वास कसला येतो? कुजक्या अंड्यासारखा असेल तर हवा कमी पडतेय. डोळ्याला झोंबणारा असेल तर ओला माल जास्त आणि पालापाचोळा कमी. एक बादली ओल्याला निदान तेवढाच, शक्यतो दुप्पट वाळका पाला टाका. पाला सोसायटीतच असतो, तो जाळू नका. मूठभर खत दाबून बघा, एखाददुसरा थेंब सुटला तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त. ढिगाच्या मध्यात लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढा. हाताला चटका बसण्याइतकी गरम असेल तर खत बनतंय. गार असेल तर ढिग पालटा. पांढुरक्या-तपकिरी जाड अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, त्या कचरा खातात, त्रास देत नाहीत. वरून पाल्याचा थर जाड ठेवला की दिसतही नाहीत.

मुलांना हे एका पावसाळ्यात येईल. मी शिकवायला येतो.

___

निळी_पहाट
मंगळवार, रात्री ११:१५

@कोथरूडकर_काका, काम द्यायला तयार आहात हे चांगलं आहे. मग अटीही इथेच लिहिते. कंत्राटदाराला जेवढे देता तेवढेच मुलांच्या गटाला, कमी नाही. हातमोजे, गमबूट, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अपघात विमा सोसायटीकडून. पाणी आणि हात धुण्याची जागा. मुख्य गेटनेच ये-जा. आणि सोसायटीतल्या मुलामुलींची पाळी लावायची, त्याच खड्ड्यावर, त्याच वेळी.

___

कोथरूडकर_काका
बुधवार, सकाळी ७:५०

पहिल्या चार मान्य आहेत, तेवढा अधिकार मला आहे. पालिका खत प्रकल्पासाठी मालमत्ता करात जी सवलत देते, तिच्यातूनच विमा आणि साहित्याचा खर्च निघेल. पाचवीसाठी सर्वसाधारण सभेत ठराव घ्यावा लागेल. काही पालक विरोध करतील हे आत्ताच सांगतो, पण ठराव मी मांडणार. माझी नात अकरावीत आहे, पाळीच्या यादीत पहिलं नाव तिचं लिहितो.

कमिटीची बैठक शनिवारी संध्याकाळी सहाला आहे. ओढ्याकाठची, तुमच्या गटातली दोघं-तिघं आली तर बरं होईल. खड्डे आधी बघून घ्या, मोजून घ्या आणि तुमचा दर तुम्हीच कागदावर लिहून आणा.